अल्जिब्रा टाइल्स: घ्याव्यात का, आणि कोणासाठी

बीजगणितात अडकलेल्या मुलासाठी काय घ्यावं असं विचारलं की हल्ली अल्जिब्रा टाइल्सचं नाव हमखास निघतं. प्लास्टिकचे किंवा फोमचे रंगीत तुकडे, एका पिशवीत भरलेले. वस्तू साधी, कल्पना चांगली. तरीही बरेच संच चार दिवस टेबलावर आणि मग कायमचे कपाटात, असं होतं. त्यात वापरण्याची चूक जास्त असते. पण थोडी चूक संचाचीही असते, आणि ती घेतानाच पकडता येते.

त्याआधी मूल नेमकं कुठे अडतंय ते बघा. ‘गणित कच्चं आहे’ या निदानावरून काहीही विकत घेऊ नये. कागदावर पाच गोष्टी लिहून द्या: ८ + ४ = □ + ५ मधली चौकट भरणं; −३ − ५; ३क्ष + ४ ला सोपं रूप देणं; (क्ष + ३)² चा विस्तार; आणि २/३ + १/४. मदत करू नका, फक्त काय लिहिलं जातं ते बघा.

चौकटीत १२ आलं तर मूल ‘बरोबर’चं चिन्ह ‘आता उत्तर लिहा’ असं वाचतंय. यात त्याचा दोष नाही. वर्षानुवर्षं डावीकडे क्रिया आणि उजवीकडे उत्तर एवढंच त्यानं पाहिलंय, कॅल्क्युलेटरवरचं ते बटणही तेच करतं. दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या असतात हे कळल्याशिवाय समीकरण कळणं शक्यच नाही. −३ − ५ चं उत्तर ८ आलं तर ‘वजा वजा अधिक’ हे घोकलेलं वाक्य नको तिथे लागलंय. ३क्ष + ४ चे ७क्ष झाले तर उत्तर म्हणजे एकच आकडा, मध्ये अधिकचं चिन्ह शिल्लक राहिलं म्हणजे काम अपुरं, ही समजूत आहे. (क्ष + ३)² चं क्ष² + ९ होणं तर इतकं सर्रास की वेगळं सांगायला नको. या चारही ठिकाणी टाइल्स कामाला येतात. पाचव्यात ३/७ आलं, तर मात्र दुखणं अपूर्णांकाचं आहे. त्यासाठी अपूर्णांकाच्या पट्ट्या घ्या, टाइल्स नकोत.

संचात तीन आकार असतात. छोटा चौरस म्हणजे १. लांब पट्टीची रुंदी १ आणि लांबी क्ष, म्हणून तिचं क्षेत्रफळ क्ष. मोठ्या चौरसाची बाजू क्ष, म्हणून तो क्ष². मागची बाजू बहुधा लाल असते आणि ती ऋण धरतात. दोन मुलांमागे ४ मोठे चौरस, १२ पट्ट्या आणि ३० छोटे चौरस एवढं हाताशी हवं. बऱ्याचदा कमी पडतात ते छोटे चौरस. हरवतातही तेच, त्यामुळे जास्तीचे असलेले बरे.

घेताना दोन तपासण्या कराच. पहिली: पट्टीच्या लांबीला लागून छोटे चौरस एका रांगेत मांडा. ते पट्टीत नेमके बसले तर तो संच नको. बरोबर पाच बसले की मुलाच्या लेखी क्ष म्हणजे ५, आणि ते डोक्यातून काढता काढता वर्ष जातं. क्ष ही ठाऊक नसलेली लांबी आहे, म्हणून ती मोजता येता कामा नये. दुसरी: सहा पट्ट्या लांब कडांनी एकमेकींना चिकटवून ठेवा आणि त्यांच्या आखूड टोकांशी सहा छोटे चौरस मांडा. कापणीत एकेका मिलिमीटरचा फरक असेल तर सहाव्या पट्टीपर्यंत तो सहा मिलिमीटर होतो, आयत जुळत नाही, आणि मूल म्हणतं ‘गणित चुकलं’. चुकलेली असते ती कापणी.

जाड पुठ्ठ्याचा संच घरी करणार असाल तर छोटा चौरस २ सेंमी, पट्टी २ × ६.७ सेंमी, मोठा चौरस ६.७ × ६.७ सेंमी हे माप चालतं. तीन चौरस लावले तर पट्टी उरते, चार लावले तर ते बाहेर जातात, हवं तेच. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी मुलं वर्गात असतातच, तेव्हा रंगावर विसंबू नका. मागच्या बाजूला पेनानं वजाचं चिन्ह काढा. प्लास्टिकच्या टाइल्स टेबलावर सरकतात, फोमच्या जागेवर राहतात आणि आवाजही करत नाहीत. पण फोमच्या कडा लवकर दबतात आणि मग वरची दुसरी तपासणी नापास होते.

टाइल्सचा खरा फायदा वजाच्या चिन्हाशी आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. वहीत हे एकच चिन्ह तीन कामं करतं: ५ − ३ मध्ये ‘काढ’, −३ मध्ये ‘ऋण संख्या’, आणि −(क्ष − २) मध्ये ‘उलट कर’. मुलाला तिन्ही सारखीच दिसतात. टाइल्सवर या तीन वेगळ्या हालचाली होतात: तुकडा उचलणं, लाल तुकडा ठेवणं आणि तुकडा पलटणं.

२ − ५ घ्या. दोन धन चौरस ठेवले. पाच उचलायचेत, पण आहेत दोनच. मग एक धन आणि एक लाल अशा शून्याच्या तीन जोड्या आणा. किमतीत फरक पडत नाही. आता पाच धन उचलता येतात, खाली तीन लाल राहतात. ३ − (−२) साठी तीन धन ठेवा, शून्याच्या दोन जोड्या आणा आणि दोन लाल उचला. उरले पाच धन. लाल काढल्यावर धन का वाढतात हे इथे हातानं कळतं. आता −३ − ५. तीन लाल आहेत, पाच धन काढायचेत, म्हणून शून्याच्या पाच जोड्या, आणि शेवटी आठ लाल. तिथे ‘वजा वजा अधिक’ लागू का होत नाही हे सांगावं लागत नाही. −(क्ष − २) साठी एक पट्टी आणि दोन लाल चौरस मांडून सगळं पलटायचं: लाल पट्टी आणि दोन धन चौरस, म्हणजे −क्ष + २. वहीत याचं −क्ष − २ होतं, कारण चिन्ह पहिल्या पदाला लागतं आणि दुसरं पद तसंच सुटतं. हातानं पलटताना दुसरा तुकडा विसरला तर लगेच दिसतो.

समीकरणासाठी कागदावर मधोमध एक रेघ पुरेशी आहे. ३क्ष + २ = क्ष + ८ मांडा. दोन्हीकडून एक पट्टी उचला, दोन्हीकडून दोन चौरस उचला, राहिलं २क्ष = ६. दोन पट्ट्यांपुढे सहा चौरस सारखे वाटून द्या, प्रत्येकी तीन. ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ एवढंच शिकलेलं मूल याच टप्प्यावर क्ष = ६ − २ = ४ लिहितं. त्याच्या दृष्टीनं तेही पलीकडे नेणंच आहे. पक्षांतराचा नियम चुकीचा नाही, फक्त तो इतक्या लवकर द्यायचा नसतो. शेवटी प्रत्येक पट्टीच्या जागी तीन चौरस ठेवून ताळा करा: दोन्हीकडे ११. इथे एखादं चौकस मूल विचारेल, ‘पट्टी तर तीन चौरसांपेक्षा लांब दिसते!’ प्रश्न रास्त आहे, टाळू नका. पट्टीची लांबी ही जागा धरून ठेवण्यापुरती आहे, मोजण्यासाठी नाही, हे तेव्हाच सांगायचं.

कंसांच्या गुणाकाराला एका बाजूला आणि वर अशी काटकोनी चौकट लागते. (क्ष + ३)² साठी दोन्ही कडांवर एक पट्टी आणि तीन चौरस. मुलाला त्याचंच उत्तर मांडायला सांगा: क्ष² आणि ९. मोठा चौरस एका कोपऱ्यात, नऊ छोटे समोरच्या कोपऱ्यात, आणि मध्ये दोन आयताकृती भोकं. प्रत्येक भोकात तीन पट्ट्या नेमक्या बसतात. ६क्ष कुठून आले हे सांगण्यात दहा मिनिटं घालवण्यापेक्षा ही भोकं त्याला स्वतःला भरू द्या.

अवयव पाडण्यात या वस्तूची मजा आहे. क्ष² + ५क्ष + ६ म्हणजे एक मोठा चौरस, पाच पट्ट्या, सहा छोटे. सगळं वापरून आयत करायचा. मुलं सहा छोटे चौरस आधी एका रांगेत लावतात. मग आयत पुरा करायला एकीकडे एक आणि दुसरीकडे सहा अशा सात पट्ट्या लागतात, आणि आहेत पाच. २ × ३ मध्ये लावले की दोन आणि तीन, पाच पट्ट्या चपखल. ‘गुणाकार सहा, बेरीज पाच’ असे दोन आकडे का शोधायचे, याचं कारण मुलाच्या हाताखालीच असतं. मग मुद्दाम क्ष² + ५क्ष + ३ द्या. तीन छोटे चौरस एकाच तऱ्हेनं, १ × ३ मध्ये बसतात, त्याला चार पट्ट्या लागतात, पाचवी उरते. आयत होत नाही, म्हणजे पूर्णांकांत अवयव पडत नाहीत. असं न सुटणारं उदाहरण फार थोड्या वह्यांत सापडतं. मुलांना वाटतं प्रत्येकाचे अवयव पडतातच.

पूर्ण वर्गाची रीतही अशीच. क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञानं आकृती काढून सोडवलं होतं. चौरसाच्या दोन बाजूंना पाच-पाच पट्ट्या, रिकाम्या कोपऱ्यात २५ चौरस, ३९ आणि २५ मिळून ६४, म्हणून बाजू ८ आणि क्ष = ३. −१३ हे दुसरं उत्तर त्याला मिळालं नाही, कारण लांबी ऋण नसते. टाइल्सही इथेच अडतात.

आता उणी बाजू. क्ष² + क्ष − ६ ला हात घातला की गोडी कमी होते. सहा लाल चौरस आणि एकच पट्टी. आयत करायला शून्याच्या दोन जोड्या पट्ट्यांच्याही आणाव्या लागतात, तीन धन आणि दोन लाल. उत्तर (क्ष + ३)(क्ष − २) येतं, पण मुलाला ते दिसत नाही, दाखवावं लागतं. चित्र डोळ्यांना पटेनासं झालं की ओढाताण करू नये. इथून पुढे दोन ओळी, दोन स्तंभांची चौकट काढून त्यात पदं लिहायची. रचना तीच, फक्त तुकड्यांच्या जागी अक्षरं. मोठे सहगुणक, घन, अपूर्णांक सहगुणक यांच्याशी टाइल्सचा संबंध नाही. लाल पट्टीमुळे आणखी एक खोट शिरते: −क्ष नेहमी ऋणच असतो असं वाटू लागतं. क्ष = −४ घेऊन −क्ष किती, हे तोंडी अधूनमधून विचारत राहा.

शाब्दिक उदाहरणांत तर या वस्तूकडून काहीच अपेक्षा ठेवू नका. ‘एक संख्या दुसरीपेक्षा सातनं मोठी’ याचं समीकरण करताना मूल कोणत्या बाजूला ७ मिळवायचे तिथे चुकतं, ती अडचण वाचण्याची आहे.

संच कपाटात जातो त्याचं मुख्य कारण वही. आज टाइल्स, उद्या फळ्यावर नियम, आणि दोन्हींचा एकमेकांशी पत्ता नाही, अशानं मुलाला दोन वेगळी गणितं शिकल्यासारखं वाटतं. म्हणून दोघांत एक संच. एकानं हलवायचं, दुसऱ्यानं प्रत्येक हालचालीची एक ओळ लिहायची, मग अदलाबदल. ओळ लिहिल्याशिवाय पुढची हालचाल नाही. चौघांत एक संच दिला तर दोघं नुसती बघतात. वीस मिनिटं पुरेत. त्यानंतर मनोरे रचले जातात. काही तासिकांनंतर टाइल्स पिशवीत, आणि वहीत त्यांची चित्रं: चौरस, रेघ, ठिपका. चित्र न काढताही ओळी बरोबर येऊ लागल्या की चित्रंही बंद. जो अडेल त्यानं पुन्हा पिशवी उघडावी, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

फुकटात बघायचं असेल तर ब्राउझरवर पॉलीपॅड नावाचं संकेतस्थळ आहे, त्यात अशाच टाइल्स पडद्यावर हलवता येतात. तुकडे हवे तितके, हरवायची भीती नाही, आणि शिक्षकाला पडद्यावर दाखवायला उत्तम. फोनच्या छोट्या पडद्यावर मात्र वैताग येतो. शिवाय काही डिजिटल टाइल्समध्ये धन-ऋण जोडी एकमेकांवर नेली की आपोआप नाहीशी होते. शून्याची जोडी म्हणजे काय हे अजून पक्कं नसलेल्या मुलासाठी ते नको. ती जोडी त्यानं स्वतः ओळखून स्वतः उचलायला हवी.

काही संचांत य च्या वेगळ्या लांबीच्या पट्ट्या, य² चा चौरस आणि क्षय चा आयत जास्तीचे मिळतात. (क्ष + य)² साठी त्यांचा उपयोग आहे. पण पहिल्याच दिवशी सहा आकार समोर आले की मुलं तुकडे ओळखण्यातच थकतात. असा संच घेतलात तर ते तीन आकार वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा आणि एका चलाचे अवयव हातात बसेपर्यंत काढू नका.