गार्ड पेज स्टॅकच्या हद्दीत की हद्दीबाहेर?

हिंजवडीहून परतताना परवा बसमध्ये यावरून माझी आणि मित्राची जुंपली. स्टॅक म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीतला खाली वाढत जाणारा भाग; पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा, आणि गार्ड पेज म्हणजे स्टॅकच्या खालच्या टोकाला राखण म्हणून ठेवलेलं पेज. लिनक्सने 2010 मध्ये हे गार्ड पेज स्टॅकच्या हद्दीतच ठेवलं. मग एमलॉक (पेजेस रॅममध्येच पक्की ठेवणं) करताना कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हद्दीतलं प्रत्येक पेज चाचपणार. गार्डला हात लागला की स्टॅक आणखी एक पेज खाली सरकणार! म्हणून एमलॉकच्या कोडमध्ये 'हे पेज सोड' असा खास अपवाद घुसडावा लागला. ठिगळच ते.

2017 च्या स्टॅक क्लॅशनंतर (स्टॅक गार्ड ओलांडून शेजारच्या मेमरीला भिडवायचा हल्ला) गार्ड हद्दीबाहेर गेलं: खालच्या मॅपिंगपासून, म्हणजे मेमरीच्या खालच्या वापरातल्या पट्ट्यापासून, 256 पेजेसचं, म्हणजे 4 केबीचं पेज धरलं तर 1 एमबीचं मोकळं अंतर. एमलॉकला त्याची गंधवार्ताही नाही. मित्राचं म्हणणं, अ‍ॅड्रेस स्पेस, म्हणजे प्रोग्रॅमला मिळणारी मेमरी-पत्त्यांची जागा, वाया जाते. 64 बिटवर? तिथे काय पेठेतल्या वाड्यांसारखी भिंतीला भिंत लागलीय?