टॅन काढणाऱ्या पांढऱ्या डबीची किंमत

निपाणीजवळच्या आमच्या शेतात तंबाखूची काढणी चालते, तेव्हा सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हातच उभे राहावे लागते, आणि गेल्या माघात हात धुताना बांगड्या वर सरकवल्या तर त्यांच्याखाली माझा मूळ रंग एका पट्ट्यासारखा उरलेला दिसत असे. मे महिन्यात धाकट्या भावाचे लग्न होते. बेळगावात बस्ता बांधायला गेलो असता एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानदाराने माझा चेहरा न्याहाळून, "अक्का, आठ दिवसांत टॅन जातंय बघा," असे म्हणत एक पांढरी डबी पुढे केली. डबीवर उत्पादकाचे नाव, घटक, बॅच क्रमांक किंवा मुदत यांपैकी काहीच नव्हते. बिल मागितले तर "इंपोर्टेड मालाला बिल कुठलं?" असे उत्तर आले, आणि तिथेच मी उठायला हवे होते.

सहाव्या दिवशी चेहरा खरोखर उजळला. लग्नात नणंदेने, वहिनींनी विचारले, आणि माझ्या शब्दावर त्यांच्यापैकी दोघींनी तीच डबी मागवली, ही गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त लागते.

दुसरी डबी संपल्यावर मी क्रीम बंद केले, तेव्हा तीन दिवसांत गाल लाल होऊन चुलीपुढे बसल्यासारखे भाजू लागले, हनुवटीवर पुटकुळ्या आल्या आणि सकाळचे कोवळे ऊनही सोसेना. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "बंद केलंय म्हणून झालंय, परत लावा." परत लावल्यावर खरेच बरे वाटले. माणूस अडकतो तो नेमका इथे.

त्वचारोगतज्ज्ञांनी डबी पाहिली आणि लक्षणांवरून आत तीव्र स्टेरॉइड असल्याचे सांगितले. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, दाह दबतो आणि कातडी फिकी दिसते, म्हणून गुण लवकर येतो. पण पुढे कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते. अशा मिश्रणांत बहुधा रंग फिका करणारे हायड्रोक्विनोन आणि अ जीवनसत्त्वापासून बनवलेले ट्रेटिनॉइन ही औषधेही असतात, आणि ट्रेटिनॉइनने त्वचा उन्हाला अधिक हळवी होते. म्हणजे ज्या उन्हापासून सुटका हवी होती, त्याच उन्हापुढे मी चेहरा अधिक उघडा करून उभी राहिले होते. काही बेनामी क्रीमांत पारा सापडतो आणि तो मूत्रपिंडाला इजा करतो, म्हणून त्यांनी माझी लघवीही तपासायला सांगितली. ती सुदैवाने ठीक निघाली.

टॅन म्हणजे मळ नव्हे, उन्हाच्या माऱ्यापुढे त्वचेने आतून तयार केलेले रंगद्रव्य आहे, हे मला तेव्हा कळले. मारा थांबला की ते काही आठवड्यांत आपोआप ओसरू लागते. आता शेतात जाताना डोक्यावरून ओढणी, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि ३० एसपीएफचे सनस्क्रीन, एवढेच करते. घाम आल्यावर ते पुन्हा लावावे लागते, हे मात्र कंटाळवाणे आहे.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी असे भावाने सुचवले, म्हणून मी सगळे कागदावर उतरवायला बसले. उत्पादकाच्या नावापुढची जागा कोरी राहिली, बिल क्रमांकापुढचीही. हाती होती ती फक्त रिकामी पांढरी डबी.