बाइट छापताना: कास्ट करायचा की बफरच बदलायचा?

पीएनजी (चित्राच्या) फाइलचा पहिला बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात, ८९. पण सी भाषेत तो साध्या चारमध्ये (char, एका बाइटचा प्रकार) वाचून प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनने हेक्समध्ये छापला, की एक्स८६ प्रोसेसरवर ८९ च्या आधी सहा एफ चिकटलेले दिसतात. तिथे चार सहसा साइन्ड, म्हणजे उणे किंमतही धरणारा असतो. म्हणजे किंमत उणे ११९, आणि प्रिंटएफकडे जाताना तिचा ३२ बिटांचा इंट (पूर्णांक) होतो. एआरएम प्रोसेसरच्या लिनक्सवर चार बहुधा अनसाइन्ड, म्हणजे उणे न होणारा, त्यामुळे तोच कोड तिथे अगदी साळसूद.

छापताना अनसाइन्ड चारचा कास्ट टाकणं, म्हणजे तेवढ्यापुरता प्रकार बदलणं, हे एका ओळीचं काम. दुसऱ्याच्या जुन्या कोडला हात लावायचा असेल तर हेच बरं. पण दहा ठिकाणी लिहिलात तरी अकराव्या ठिकाणी विसरणारच.

मी बफरच (बाइट वाचून ठेवायचा ॲरे) अनसाइन्ड चारचा करतो. फाइल वाचणाऱ्या एफरीडची काही तक्रार नसते, आणि खरा फायदा छपाईपलीकडचा आहे. साइन्ड बाइटची हेक्स ८९ शी तुलना कधीच जुळत नाही. तोच बाइट ॲरेचा इंडेक्स केला तर ॲरेच्या अलीकडची मेमरी वाचली जाते. प्रिंटएफमधल्या कास्टने यातलं काहीच सुधारत नाही, फक्त लपतं. मजकुराची लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेनला असा बफर दिला की जीसीसी कंपायलर कुरकुरतो खरा, पण कच्च्या बाइटांवर स्ट्रलेन चालवायचाच कशाला?