आधी सीमा की आधी व्यवहार?

चीनशी बिघडलेलं निस्तरायच्या दोन्ही वाटा आपण चालून पाहिल्या आहेत. पहिली डिसेंबर १९८८ ची. राजीव गांधी बीजिंगला गेले, सीमेची बोलणी वेगळ्या गटाकडे दिली आणि बाकीचं दार उघडलं. १९९३ चा शांतता करार त्याच वाटेवरचा. दुसरी २०२० च्या गलवान चकमकीनंतरची: सीमेवर शांतता नाही तोवर बाकी काहीच सुरळीत नाही.

दुसरीचं श्रेय नाकारता येणार नाही. चार वर्षं ताणून धरल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये लडाखमधल्या देपसांग आणि डेमचोकच्या गस्तीवर सहमती झाली. पहिलीच्या खात्यावर मात्र २०१३ ची देपसांगमधली घुसखोरी, २०१७ चा डोकलामचा पेच आणि गलवानमध्ये गेलेले २० जवान. कागदावर निकाल सरळ दिसतो.

पण माझं भोसरीत प्लास्टिकच्या सुट्या भागांचं वर्कशॉप आहे, त्यामुळे माझं मोजमाप तिथलं. गलवाननंतर चीनमधून मागवलेलं मोल्डिंग मशीन न्हावाशेव्याला बिनबोभाट उतरलं. ते बसवून देणाऱ्या इंजिनिअरला काही केल्या व्हिसा मिळेना. शेवटी आमचा फिटर एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात टेस्टर घेऊन पॅनेलपुढे उभा. पलीकडून इंजिनिअर चिनीत ओरडतोय, दुभाषी मुलगी "पिवळी, पिवळी वायर" म्हणतेय, आणि नेमकी रेंज गेली. मशीन चालू झालं खरं, पण क्लॅम्पचा अलार्म मधूनच का वाजतो, ते अजून कोणाला उमगलेलं नाही.

म्हणजे अडला तो माणूस. कंटेनर येतच राहिले. २०२४-२५ मध्ये चीनबरोबरची आपली व्यापारी तूट ९९ अब्ज डॉलरवर गेली. बीजिंगला झळ बसावी म्हणून आवळलेला फास बराचसा आपल्याच हातावर बसला, असं मला वाटतं. लडाखमध्ये ज्यांची मुलं तैनात आहेत त्यांना हे पटणार नाही, आणि त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

गंमत अशी, की जुलै २०२५ मध्ये चिनी पर्यटकांना व्हिसा सुरू झाले, ऑक्टोबरात कोलकाता-ग्वांगझू थेट विमान उडालं, आणि तेव्हाही सीमेवरची जादा कुमक माघारी गेली नव्हती. दिल्लीही गाजावाजा न करता १९८८ कडेच सरकतेय, असं दिसतं. माझाही कल तिकडेच. तरी आत्ता मशीन मागवणार असाल तर शेवटचा हप्ता त्यांचा माणूस येऊन मशीन चालवून देईपर्यंत हातात ठेवा.