बीजिंग की तैपेई : चिनी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस

वर्ष-दोन वर्षे परदेशात राहून चिनी भाषा शिकायचे ठरवलेल्या मराठी विद्यार्थ्यापुढे बहुतेक वेळा बीजिंग आणि तैवानची राजधानी तैपेई ही दोन नावे येतात. मग तो अभ्यासक्रमांच्या माहितीपुस्तिका समोर ठेवून तासांची आणि शुल्काची तुलना करत बसतो. ही तुलना करावीच. परंतु १९६२ साली स्थापन झालेले बीजिंग भाषा आणि संस्कृती विद्यापीठ आणि तैपेईतील नॉर्मल (म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या) विद्यापीठाचे १९५६ पासूनचे मँडरिन (म्हणजे प्रमाण चिनी) प्रशिक्षण केंद्र या दोन्ही संस्थांना परदेशी माणसाला चिनी शिकवण्याचा अनेक दशकांचा अनुभव आहे, आणि केवळ वर्गातल्या शिकवण्यावरून त्यांत डावे-उजवे करणे कठीण आहे. खरा फरक पडतो तो वर्ग सुटल्यावर.

बीजिंगमध्ये साधारणपणे सकाळी आठला वर्ग भरतो आणि दुपारी बाराला सुटतो, म्हणजे आठवड्याचे सुमारे वीस तास होतात. तैपेईतील नेहमीच्या अभ्यासक्रमात रोज दोन तास आणि सघन अभ्यासक्रमात तीन तास शिकवणी असते. तुकडी मात्र लहान असल्यामुळे प्रत्येकाला बोलावेच लागते. उरलेल्या वेळेचे काय होते, हे प्रामुख्याने राहण्याच्या व्यवस्थेवर अवलंबून असते. बीजिंगचे विद्यापीठ म्हणजे कुंपणाआतले एक छोटे गावच असते : वसतिगृह, खानावळी, किराणा दुकान, केशकर्तनालय, सगळे आवारातच. परदेशी विद्यार्थ्यांची इमारत बहुधा वेगळी असते, आणि खोलीतला जोडीदार कोरियाचा, कझाकस्तानचा नाहीतर थायलंडचा निघतो. पोलिसांकडे चोवीस तासांत करायची निवासाची नोंदही वसतिगृहच उरकून देते. ही सोय पहिल्या महिन्यात देवासारखी वाटते आणि चौथ्या महिन्यात नडते, कारण चिनी माणसाशी बोलण्याची गरजच फारशी पडत नाही. आवाराबाहेरच्या शहरात इंग्रजी जवळपास चालत नाही, ही बीजिंगची मोठी देणगी. पण ती घेण्यासाठी फाटकाबाहेर पडण्याची सवय स्वतःच लावून घ्यावी लागते.

तैपेईत वसतिगृहातल्या जागा थोड्या असल्यामुळे भाषा शिकायला आलेल्या बहुतेकांना भाड्याची खोली शोधावी लागते. भाडेकरार, अनामत रक्कम, गळणारा नळ आणि वीजबिल या सगळ्यांसाठी घरमालकिणीशी चिनीतच बोलावे लागते. त्यातही शिकवणारी गोष्ट म्हणजे कचरा. जुन्या इमारतींत कचराकुंडी नसते. ठरलेल्या वेळी बीथोव्हेनची ‘फ्युर एलिझ’ ही धून वाजवत पिवळी गाडी गल्लीत येते आणि दुकानातून विकत घेतलेल्या महापालिकेच्या निळ्या पिशव्या घेऊन सगळी गल्ली खाली उतरते. शिजलेले उरलेसुरले अन्न एका डब्यात आणि कच्च्या साली दुसऱ्या डब्यात टाकायच्या असतात, आणि चुकीच्या डब्यात काही पडले की शेजारच्या आजी न रागावता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात दुरुस्ती सांगतात. ‘कच्चे’ आणि ‘शिजलेले’ हे शब्द मग विसरता येत नाहीत. मात्र तैपेईतले तरुण समोरचा अडखळला की सौजन्याने लगेच इंग्रजीवर येतात, हा तिथला तोटाही लक्षात घ्यावा.

लिपीचा प्रश्न निवडीत सर्वांत वजनदार आहे. चीनमध्ये १९५६ पासून सोपी केलेली अक्षरे रूढ झाली, तर तैवानने पारंपरिक अक्षरे राखली. ‘ऐकणे’ या अर्थाचे पारंपरिक अक्षर २२ रेघांचे असून त्यात कानही आहे आणि हृदयही; सोपे रूप ७ रेघांत आटोपते, पण त्यात कानाऐवजी तोंड उरते. पारंपरिक अक्षरे शिकलेल्याला सोपी अक्षरे वाचायला पुढे फारसे कष्ट पडत नाहीत, उलटा प्रवास अधिक दमवतो, असे माझे मत आहे. परंतु भारतात परतून अनुवाद किंवा व्यापाराचे काम करायचे असेल तर रोजची कागदपत्रे बहुतांशी सोप्या अक्षरांतच येतील, आणि ज्याच्या हाती एकच वर्ष आहे त्याने ते २२ रेघा गिरवण्यात घालवावे का, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. उच्चार नोंदवण्यासाठी बीजिंगमध्ये रोमन अक्षरांतील पिनयिन वापरतात, तर तैवानमधील मुले ३७ चिन्हांची झुयिन पद्धत शिकतात. परदेशी विद्यार्थ्याला तैपेईतही पिनयिनवर भागवता येते.

उच्चारांत मराठी माणसाला एक आयता लाभ आहे. पिनयिनमधले ‘बी’ आणि ‘पी’ म्हणजे आपले ‘प’ आणि ‘फ’ (ओठ मिटून उच्चारलेला), तर ‘डी’ आणि ‘टी’ म्हणजे ‘त’ आणि ‘थ’. शिवाय ‘चाक’ आणि ‘चार’ यांतले दोन वेगळे ‘च’ आपण न शिकताच उच्चारतो, त्यामुळे ‘चाक’मधल्या ‘च’सारख्या ‘झेड’ या पिनयिन अक्षरापाशी इतरांइतके अडखळत नाही. बीजिंगमध्ये जीभ मागे वळवून उच्चारायचे वर्ण ठसठशीत ऐकू येतात आणि अनेक शब्दांच्या शेवटी ‘र’ चिकटतो. तैपेईत हीच वळवलेली जीभ सैल पडते, त्यामुळे ‘चार’ आणि ‘दहा’ यांसाठीचे शब्द जवळजवळ केवळ सुरावरून (चिनीत सूर बदलला की शब्द बदलतो) ओळखावे लागतात आणि बाजारात चौदा की चाळीस हे बोटांवर विचारायची वेळ येते. शब्दही बदलतात : बीजिंगमध्ये ‘थुतोउ’ मागितले तर बटाटा मिळतो, तैवानमध्ये त्याच शब्दाने शेंगदाणा कळतो.

शाकाहारी विद्यार्थ्याने मात्र फार विचार करू नये. त्याने तैपेई निवडावे. बौद्ध परंपरेमुळे तिथे शाकाहारी भोजनालये गल्लोगल्ली आहेत, ताटात हवे ते वाढून घेऊन वजनावर पैसे देता येतात, आणि खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर अंडे, दूध यांबरोबरच कांदा-लसणाच्या वर्गातील पदार्थ आहेत की नाहीत हेही नोंदलेले असते. चातुर्मास पाळणाऱ्या घरातून आलेल्याला याहून अधिक काय हवे? बीजिंगच्या खानावळीत टोमॅटो-अंडे आणि बटाट्याचा कीस हमखास मिळतो, पण भाजीत डुकराच्या मांसाचा खिमा केव्हा डोकावेल याचा नेम नाही. मांसाहार चालतो पण डुकराचे मांस नको, अशांसाठी मुस्लिम खानावळीतले हाताने ओढलेले नूडल्स उत्तम. घरचा गोडा मसाला दोन्हीकडे न्यावा. तो वापरायला चूल मिळेलच असे नाही, कारण बीजिंगच्या वसतिगृहांत विजेच्या शेगड्यांना बहुधा मनाई असते आणि तैपेईतल्या स्वस्त खोल्यांना अनेकदा स्वयंपाकघरच नसते.

घरी फोन करण्याचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण रोज रात्री तो समोर उभा राहतो. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल बंद आहेत; तिथला सगळा व्यवहार, खानावळीच्या बिलापासून वर्गाच्या सूचनांपर्यंत, वीचॅटवर चालतो. भारताने मात्र जून २०२० मध्ये बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपांत वीचॅटही होते. म्हणजे मुलाकडे जे चालते ते आईकडे चालत नाही, आणि आईकडचे मुलाकडे. भारतीय सिमकार्ड रोमिंगवर ठेवल्यास व्हॉट्सअ‍ॅप चालते, पण त्याचा खर्च आधीच धरावा. तैपेईत ही अडचण नाही.

हवेबद्दल थोडक्यात सांगायचे तर बीजिंगचा हिवाळा शून्याच्या बराच खाली जातो, पण कोरडा असतो, आणि १५ नोव्हेंबर ते १५ मार्च इमारती आतून गरम ठेवल्या जातात. तैपेईत पारा बारा-पंधरा अंशांवर थांबतो, पण घरे गरम नसतात आणि दमट गारवा हाडांत शिरतो. कपडे कोकणातल्या श्रावणासारखे आंबट-ओले राहतात.

पैशांच्या बाबतीत चीन सरकारच्या पूर्ण शिष्यवृत्तीत शुल्क, निवास आणि मासिक भत्ता हे सगळे येते. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाच्या ह्वायू शिष्यवृत्तीत मासिक रक्कम मिळते आणि शुल्क व भाडे त्यातूनच भागवायचे असते. शिवाय आठवड्याला किमान १५ तास वर्ग करण्याची अट असते. तैवानमध्ये भाषेच्या विद्यार्थ्याला वर्षभर शिकल्यावर परवाना काढून आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. चीनमध्ये विद्यापीठ आणि पोलीस या दोघांच्या संमतीशिवाय आवाराबाहेर काम करता येत नाही.

एकूण पाहता, भाषेची पाटी कोरी आहे, वर्ष एकच आहे आणि पुढे चीनशी संबंधित नोकरी करायची आहे, अशा विद्यार्थ्याला मी बीजिंग सुचवीन. ज्याने भारतात दोन-तीन वर्षे चिनी शिकून अक्षरओळख पक्की केली आहे, पण तोंड उघडत नाही, त्याने तैपेईला जावे. वेळापत्रकाचाही थोडा विचार करावा. बीजिंगची सत्रे सप्टेंबर आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतात, तर तैपेईची तिमाही सत्रे मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये. त्यामुळे पदवीचा निकाल लांबला आणि सप्टेंबर हुकला, तरी स्वखर्चाने जाणाऱ्याला डिसेंबरचे सत्र गाठता येते. चीनचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहेच, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तैवानचेही आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र मुंबईत सुरू झाले आहे.