एज ऑफ एम्पायर्स २ डीई: कॉम्प्युटरच्या सैन्याची शाळा घेतली त्याचा रिव्ह्यू

गाव वसवून सैन्य उभारायच्या या गेमच्या ग्राफिक्स, नव्या सिव्ह (म्हणजे खेळायला निवडायच्या संस्कृती) वगैरेवर सगळ्यांचं लिहून झालंय, मी फक्त एकाच गोष्टीबद्दल सांगतो, ती म्हणजे यातल्या कॉम्प्युटर प्लेयरचं डोकं उघडून आपल्याला हवं ते आत भरता येतं आणि त्यासाठी नोटपॅड पुरतं.

डीई म्हणजे डेफिनिटिव्ह एडिशन नोव्हेंबर २०१९ ची, पण ही सोय १९९९ च्या मूळ गेमपासूनची. दोन फाइली लागतात. एक डॉट एआय (.ai), ती चक्क रिकामी, तिचं काम एवढंच की कॉम्प्युटर प्लेयर निवडायच्या लिस्टमध्ये नाव दिसावं. दुसरी त्याच नावाची डॉट पर (.per), खरा मसाला तिच्यात. आत नुसते नियम असतात, वर अट, मधे बाण, खाली काय करायचं ते. म्हणजे २० सैनिक झाले की अटॅक-नाऊ, म्हणजे हल्ल्याचा हुकूम, संपलं. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही जमेल. फक्त हे नियम वरून खाली पुन्हा पुन्हा तपासले जातात, त्यामुळे एकदाच करायचं काम असेल तर शेवटी डिसेबल-सेल्फ लिहायचं, म्हणजे तो नियम एकदा चालून बंद होतो. मी विसरलो आणि कॉम्प्युटरने तोच मेसेज पाठवून पाठवून माझी स्क्रीन भरून टाकली.

आता सैन्य. माझा पहिला एआय (असा नियम भरलेला कॉम्प्युटर प्लेयर) म्हणजे सात-आठ नाइट, म्हणजे घोडेस्वार, यायचे, कॅसलखाली मरायचे, परत सात-आठ, परत तेच, बघवत नव्हतं राव. मग कळलं की अटॅक ग्रुपचा किमान आकडा मीच कमी ठेवलेला. हे आकडे म्हणजे स्ट्रॅटेजिक नंबर, शेकड्यांनी आहेत, पण सैन्यासाठी सुरुवातीला चार-पाच कळले तरी खूप. अटॅक-नाऊ केल्यावर किती टक्के सैनिक निघायचे हाही असाच एक आकडा, तो १०० केलात तर घरी रखवालीला कुत्रं उरत नाही.

सगळ्यात भारी प्रकार टाउन साइजचा. आपल्या गावाची हद्द किती लांबपर्यंत, हे एका आकड्याने ठरतं, आणि हद्दीत शत्रू दिसला की सैनिक तुटून पडतात. तर तो आकडा वाढवत न्यायचा, इतका की शत्रूचं गावच आपल्या हद्दीत येईल! सैनिकांना वाटतं आपण गाव राखतोय, प्रत्यक्षात समोरच्याचं टाउन सेंटर, म्हणजे गावाची मुख्य इमारत, पाडत असतात. असे एआय लिहिणारे जुने स्क्रिप्टवाले हे वर्षानुवर्षं वापरतायत. गोची एकच, बांधकामही त्याच हद्दीत होतं, म्हणून लढाई आटपली की आकडा खाली आणा. मी नाही आणला, तर माझा व्हिलेजर, म्हणजे बांधकाम करणारा गावकरी, शत्रूच्या टॉवरसमोर घर बांधायला गेला बिचारा.

एकेका युनिटला हाताने हलवल्यासारखं चालवायच्या कमांडही आहेत, ‘अप’ने सुरू होणाऱ्या, जुन्या व्हर्जनसाठी फॅन लोकांनी केलेल्या युजरपॅचमधून आलेल्या. त्या लिहायला किचकट, पहिल्या महिन्यात नादी लागू नका.

वैताग कुठे? गेममध्ये एडिटर नाही. एक कंस राहिला तरी ते मॅच सुरू केल्यावर कळतं, आणि फाइलीत काहीही बदललं की नवी मॅच लावायची. मी आता स्वतः खेळतच नाही, मॅप उघडा ठेवतो, स्पीड वाढवतो आणि माझा एआय १९९९ वाल्या जुन्या एआयशी भिडवून चहा पीत बसतो. तो जुना एआय डीईमध्ये निवडता येतो, ही सोय कोणी केली त्याला सलाम.

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कंसांसाठी कापला.

परवा धाकट्या भावाला न सांगता माझा एआय समोर दिला. एकदम ३० नाइट दारात बघून ओरडला, दादा हा चीटिंग करतोय! नाही रे बाळा, एक नाणं जास्तीचं दिलेलं नाही, नुसतं थांबायला शिकवलंय.