ब्लेंडर ४.२ : घरच्या पीसीवर शोरील होतं का?

थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून ब्लेंडर घ्या, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. हिंगोली, परभणी किंवा बीडमध्ये राहून अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्याचा प्रश्न त्याच्या पुढचा असतो: नोकरी मागताना दाखवायचा आपल्या कामाचा व्हिडिओ, म्हणजे शोरील, घरी होईल का? क्लास छत्रपती संभाजीनगरला नाहीतर नांदेडला, लॅबमध्ये मशीन मिळणार ठरावीक तास, बाकीचा सराव घरच्या पीसीवर, आणि तिथे लाईटचा भरवसा नाही. अशा जागी हे सॉफ्टवेअर कुठे साथ देतं आणि कुठे दगा देतं, एवढ्यापुरतंच हे परीक्षण. निकाल आधीच सांगून टाकतो. मॉडेलिंग, अ‍ॅनिमेशन आणि कॅमेरा ट्रॅकिंगला (खऱ्या व्हिडिओवरून कॅमेऱ्याची हालचाल शोधणं) चोख. रेंडरला (सीनमधून अंतिम चित्रं काढणं) चांगलं, पण सेटिंग आपण हाताने सुधारली तरच. रोटो (पात्राची कड फ्रेमगणिक आखून ते वेगळं काढणं) आणि कंपोझिटिंगला (सगळे थर एका चित्रात जुळवणं) कामचलाऊ.

'फुकटचं म्हणजे खेळणं असेल' ही शंका बहुतेक घरांत निघते, तेव्हा दोन ओळींत उत्तर. नेदरलँड्सच्या टॉन रूसेनडाल यांनी १९९४ साली आपल्या स्टुडिओच्या कामासाठी हे सुरू केलं. पुढे ब्लेंडरची कंपनी बंद पडली, तेव्हा २००२ मध्ये वापरणाऱ्यांनीच १ लाख युरो जमवून कोड खुला करून घेतला. २०२५ साली अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेला लाटवियाचा 'फ्लो' ब्लेंडरमध्येच झाला आहे. खेळण्याचा मुद्दा इथे संपतो.

४.२ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली. अशा आवृत्तीला २ वर्षं दुरुस्त्या मिळत राहतात, म्हणून शिकताना तीच बरी. त्याहून मोठं कारण पेनड्राइव्हचं आहे. घरी नवी आवृत्ती आणि लॅबमध्ये जुनी असली, की नव्यात सेव्ह केलेली फाईल जुन्यात उघडताना सीनमधले काही भाग (नोड आणि मॉडिफायर) गळतात. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा. लॅबमध्ये इन्स्टॉल करायला मनाई असेल तर झिप आवृत्ती उतरवून पेनड्राइव्हवरून चालवता येते. त्याच फोल्डरमध्ये 'पोर्टेबल' नावाचं रिकामं फोल्डर केलं की आपले शॉर्टकट आणि सेटिंगही बरोबर फिरतात. नेट रडतरडत चालत असेल तर मॅन्युअल एकदाच डाउनलोड करून ठेवा, तो ऑफलाइन वाचता येतो.

मशीनचं बोलायचं तर कागदावरची किमान अट ८ जीबी रॅम आणि २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. एवढ्यात ब्लेंडर उघडतं, काम होत नाही. १६ जीबी रॅम आणि ६ ते ८ जीबीचं एनव्हिडिया कार्ड असेल तर विद्यार्थ्याचं सगळं निभतं. सेकंडहँड पीसी घेणाऱ्यांनी एक तपासावं: ४.० पासून ओपनजीएल ४.३ लागतं. इंटेल एचडी ४००० सारखं जुनं ऑनबोर्ड ग्राफिक्स असलेल्या मशीनवर ४.२ चालतच नाही, तिथे ३.६ वर थांबावं लागतं. माऊस मधल्या बटणाचाच हवा. लॅपटॉपच्या टचपॅडवर शिकणारे दोन आठवड्यांत कंटाळतात आणि खापर सॉफ्टवेअरवर फोडतात.

आता रेंडर. इथेच सगळ्यात जास्त रात्री वाया जातात. पहिली गोष्ट म्हणजे ग्राफिक्स कार्ड असूनही ब्लेंडर ते आपणहून वापरत नाही. सायकल्स हे ब्लेंडरचं एक रेंडर इंजिन. प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमखाली 'सायकल्स रेंडर डिव्हाइसेस' 'नन'वर असतं. तिथे कुडा किंवा ऑप्टिक्स (एनव्हिडिया कार्ड वापरण्याच्या दोन पद्धती) निवडायचं, कार्डावर टिक करायची, आणि मग रेंडर प्रॉपर्टीजमध्ये डिव्हाइस 'जीपीयू कंप्यूट' करायचं. दोन्हीपैकी एक राहिलं तरी सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि कार्ड थंड बसून राहतं.

दुसरी गोष्ट सॅम्पल्स, म्हणजे एका पिक्सेलचा रंग ठरवायला प्रकाशाचे किती नमुने घ्यायचे. सायकल्समध्ये ते मुळात ४०९६ वर असतात, नॉइज थ्रेशोल्ड (किती दाणेदारपणा चालेल) ०.०१. विद्यार्थ्याच्या शॉटला एवढं नको. २५६ सॅम्पल्स, थ्रेशोल्ड ०.०५ आणि ओपन इमेज डीनॉइज (चित्रातले दाणे पुसणारं साधन) चालू ठेवून बघा. फार खालीही जाऊ नका. ३२ सॅम्पल्सवर डीनॉइज केलेली एकच फ्रेम देखणी दिसते, पण तीच अ‍ॅनिमेशनमध्ये चालवली की भिंतीवरचे डाग वळवळायला लागतात, कारण डीनॉइजर प्रत्येक फ्रेमचा अंदाज वेगळा बांधतो. 'पर्सिस्टंट डेटा' चालू करा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सीन नव्याने भरला जात नाही. कार्डाची मेमरी भरली तर आधी टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) बघा. ४०९६ बाय ४०९६ चं एक साधं टेक्श्चर मेमरीत ६४ एमबी घेतं. खुर्चीच्या पायालासुद्धा ४के लावणारे लोक आहेत. सिम्प्लिफायमधून टेक्श्चरची मर्यादा १०२४ केली तर बहुतेक शॉटमध्ये फरक डोळ्याला कळतही नाही.

मग हिशेब करा. १० सेकंदांचा शॉट म्हणजे २४ च्या गतीने २४० फ्रेम. फ्रेमला ३ मिनिटं धरली तर १२ तास. मराठवाड्यात सलग १२ तास लाईट राहील हे गृहीत धरून रेंडर लावायचा नसतो. थेट एमपी४ मध्ये रेंडर लावला आणि २१० व्या फ्रेमला लाईट गेली, तर हातात उरते ती न उघडणारी फाईल. कारण एमपी४ ची सूची शेवटी लिहिली जाते. म्हणून आउटपुट नेहमी पीएनजी किंवा ईएक्सआर, एकेक फ्रेम सुटी. आउटपुटमध्ये 'ओव्हरराइट' बंद ठेवलं की लाईट आल्यावर पुन्हा रेंडर दाबायचा, झालेल्या फ्रेम सोडून तो पुढे चालू लागतो. शेजारचं 'प्लेसहोल्डर्स' मात्र घरी बंदच ठेवा. ते चालू असेल तर फ्रेम सुरू होतानाच शून्य केबीची रिकामी फाईल तयार होते. लाईट गेल्यावर ती तशीच पडून राहते, आणि पुढच्या वेळी ब्लेंडर तिला झालेली फ्रेम समजून ओलांडतो. त्याचा खरा उपयोग लॅबमध्ये. एका शेअर केलेल्या फोल्डरवर चार पीसींवर तीच फाईल उघडा, ओव्हरराइट बंद, प्लेसहोल्डर्स चालू, आणि चारही मशीनवर रेंडर दाबा. प्रत्येक मशीन न घेतलेली फ्रेम उचलतं. रेंडर फार्म म्हणतात ते हेच, फक्त गरिबाघरचं.

इन्व्हर्टरचाही हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. नुकसान धरून १२०० हाताला लागतात. ३०० वॅट खाणारा पीसी त्यावर चार तास चालेल, पंखे आणि दिवे बंद असतील तर. इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर हवं. साध्या मोडमध्ये बदलायला जो क्षण लागतो तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो. एप्रिल-मे मध्ये दुपारी खोलीच ४० अंशांवर असते, लॅपटॉप तापला की स्वतःची गती उतरवतो आणि तीन मिनिटांची फ्रेम पाचावर जाते. रेंडर रात्री लावा, लॅपटॉपची मागची बाजू उचलून ठेवा.

घाईचं काम असेल तर ईव्ही हे ब्लेंडरचं दुसरं, वेगवान रेंडर इंजिन आहेच, आणि वर सांगितलेला ऑस्करविजेता चित्रपट त्याच ईव्हीवर रेंडर झाला आहे. फ्रेम मिनिटांऐवजी सेकंदांत निघते. मेख एकच, त्याची प्रतिबिंबं मुळात पडद्यावर दिसतंय त्यातूनच बनतात. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरची वस्तू पाण्यात आपोआप उमटत नाही.

अ‍ॅनिमेशनची साधनं मात्र मनापासून आवडावीत अशी आहेत, विशेषतः हालचालीचे वक्र दाखवणारा ग्राफ एडिटर. उसळता चेंडू घ्या. की मारल्यावर (ठरावीक फ्रेमला वस्तूची जागा नोंदवल्यावर) ब्लेंडर वक्र आपणहून गुळगुळीत करतो, त्यामुळे चेंडू जमिनीजवळ येताना हळू होतो आणि चिखलात रुतल्यासारखा दिसतो. झेडच्या (उंचीच्या) वक्रावर जमिनीला टेकणाऱ्या कीज निवडून व्ही दाबा, व्हेक्टर करा. टोक अणकुचीदार होतं आणि उसळीला जोर येतो. वरच्या कीज गुळगुळीतच ठेवा. उंची कमी करत नेताना वेळही कमी व्हायला हवा, आणि तो वर्गमुळाच्या हिशेबाने: ४ एकक उंचीची उसळी १६ फ्रेमची असेल तर १ एककाची ८ फ्रेमची. उंची घटवून वेळ तोच ठेवला की चेंडू फुग्यासारखा तरंगतो. चेंडू दाबताना झेडचं माप ०.८ केलं तर एक्स आणि वाय १.१२ च्या आसपास हवेत, नाहीतर आकारमान घटतं. ओरिजिन (वस्तूचा आधारबिंदू) तळाशी नसेल तर दाबल्यावर चेंडू जमिनीपासून वर सुटतो.

चालीच्या सायकलमध्ये (पुन्हापुन्हा फिरवायच्या चालण्याच्या तुकड्यात) दोन चुका ठरलेल्या. २४ फ्रेमची सायकल असेल तर २५ वी फ्रेम पहिलीची नक्कल असते. रेंडर १ ते २४ च करायचा, नाहीतर प्रत्येक फेरीला एक फ्रेम दुप्पट होऊन पात्र अडखळतं. दुसरी पाय घसरण्याची. जागेवरच्या चालीत टेकलेला पाय समान वेगाने मागे जायला हवा. तिथे बेझियर (गुळगुळीत) वक्र राहिला तर पाय फरशीवर साबण सांडल्यासारखा सरकतो. टेकलेल्या टप्प्यापुरते ते वक्र लिनिअर (सरळ रेषेचे) करा.

व्हीएफएक्ससाठी (खऱ्या फुटेजमध्ये संगणकी दृश्य मिसळणं) ट्रॅकिंग हा ब्लेंडरचा सगळ्यात दमदार भाग, आणि त्यासाठी आपल्याकडे लोकेशनची कमतरता नाही. फक्त जागा निवडताना ट्रॅकरच्या नजरेने बघा. बीबी का मकबऱ्याची जाळी मोहात पाडते, पण एकसारखी भोकं शेजारी-शेजारी असल्याने मार्कर (ट्रॅकर फ्रेमगणिक पकडून ठेवतो ती खूण) एका भोकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. दौलताबादच्या तटाचे ओबडधोबड दगड त्यापेक्षा कितीतरी चांगले, प्रत्येकाचा कोपरा वेगळा. ज्वारीच्या शेतात पानं हलतात, तिथे मार्कर बांध, खांब किंवा विहिरीच्या कठड्यावर ठेवा. संरक्षित स्मारकांत तिपाई परवानगीशिवाय लावता येत नाही, पण इथे तिची गरजही नाही. एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवला तर खोली मोजता येत नाही. चार पावलं बाजूला चालत शूट करा, जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकींच्या सापेक्ष सरकल्या पाहिजेत.

मोबाईलवर शूट करताना स्टॅबिलायझेशन बंद, फोकस आणि एक्स्पोजर लॉक, झूमला हात नाही, शटर १/२०० च्या आसपास. बहुतेक फोन बदलत्या फ्रेमरेटने रेकॉर्ड करतात, त्यामुळे क्लिप आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करून घ्या, मग इमेज सिक्वेन्स (सुट्या चित्रांची मालिका) बनवा. सीनचा फ्रेमरेट की मारण्याआधीच जुळवा. ब्लेंडर २४ वर उघडतो आणि फोन बहुधा ३० वर असतो. कॅमेऱ्याची हालचाल सोडवायला निवडलेल्या दोन्ही कीफ्रेममध्ये सामाईक असे किमान ८ मार्कर लागतात, पण १५ ते २० ठेवा. सॉल्व्ह एरर (मार्करच्या जागेतली सरासरी चूक) ०.५ पिक्सेलच्या खाली आली की उत्तम, १ पर्यंत चालते. ०.१ च्या हट्टापायी एकेक मार्कर उडवत बसलात तर आकडा सुंदर येतो आणि कॅमेरा चुकीचा.

ट्रॅक झाल्यावर हमखास येणारी तक्रार म्हणजे 'फुटेज फिकट झालं'. ४.० पासून रंगांचं मूळ सेटिंग एजीएक्स आहे. सीजीसाठी (संगणकी दृश्यासाठी) ते छान, पण आधीच तयार फुटेजवर ते पुन्हा चढतं. प्लेट (मूळ फुटेज) सीनमध्ये असेल तर व्ह्यू ट्रान्सफॉर्म 'स्टँडर्ड' करा. ग्रीन स्क्रीनच्याही (हिरव्या कापडापुढच्या शूटच्या) मर्यादा कळून घ्या: फोनच्या व्हिडिओत चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद असते, म्हणून केसांच्या कडा चौकटी-चौकटी निघतात. कीइंग (हिरवा रंग काढून टाकणाऱ्या) नोडमधलं 'प्री ब्लर' फक्त रंग पुसट करतं, ते थोडं वाढवा. पात्र कापडापासून दीड-दोन मीटर पुढे उभं करा, कापडाला इस्त्री करा.

मराठी अक्षरांच्या बाबतीत ४.२ सरळ नापास. टेक्स्ट ऑब्जेक्टमध्ये जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षरानंतर पडते. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये शीर्षक लिहून त्याचं पाथमध्ये रूपांतर करा, एसव्हीजी सेव्ह करा आणि ते ब्लेंडरमध्ये आणून एक्स्ट्रूड करा. शब्द बदलला की सगळं पुन्हा, हा त्रास आहेच.

लॅबमध्ये फाईल उघडल्यावर सगळं गुलाबी दिसलं तर घाबरू नका, टेक्श्चर घरी राहिली आहेत. निघण्यापूर्वी 'पॅक रिसोर्सेस' करत जा.

राहिला नोकरीचा प्रश्न. पुणे, मुंबई, हैदराबादच्या स्टुडिओंमध्ये नवख्याला बहुधा रोटो, पेंट (फ्रेममधल्या नकोशा वस्तू पुसणं) किंवा मॅचमूव्हला (कॅमेरा ट्रॅकिंग) घेतात, आणि तिथे न्यूक, सिल्हूट, मोका ही सॉफ्टवेअर चालतात, अ‍ॅनिमेशनला माया. ब्लेंडरचा रोटो मास्क काढायला ठीक आहे, पण दिवसाला शंभर फ्रेम काढणाऱ्याचं ते हत्यार नाही. म्हणून पहिले आठ-नऊ महिने ब्लेंडरवर पाया पक्का करून शेवटचे तीन-चार महिने न्यूकच्या मोफत नॉन-कमर्शियल आवृत्तीवर काढावेत. ती १९२० बाय १०८० पर्यंतच आउटपुट देते, शोरीलला तेवढं पुरतं. तिच्यात सेव्ह केलेली स्क्रिप्ट (न्यूकची कामाची फाईल) स्टुडिओच्या विकतच्या न्यूकमध्ये उघडत नाही. त्यामुळे अर्जासोबत स्क्रिप्ट न जोडता मूळ प्लेट, मास्क आणि अंतिम शॉट एकामागून एक दाखवणारा ब्रेकडाउन द्या.